चोवीसशे फुटांचा प्लॉट आणि नियमावली

साशंक : नागपुरात मध्यमवर्गीय माणूस घर शोधायला निघाला की बहुतेक वेळा सहा-आठ फ्लॅटच्या स्कीमपाशी येऊन थांबतो. त्रिमूर्तीनगर, नरेंद्रनगर, मानेवाडा, नंदनवन, कुठेही फिरा. जुना बंगला असतो, मालक सत्तरीचे, मुलं पुण्यात नाहीतर परदेशात. ते प्लॉट बिल्डरला देतात, दोन फ्लॅट स्वतःकडे ठेवतात, बाकीचे विकले जातात. शेजार तोच राहतो, डॉक्टर तोच, बाजार पायी जाण्याइतका जवळ. वाढत्या शहराला याहून शहाणी वाट मला दिसत नाही. आणि नेमकी हीच इमारत नियमांच्या कात्रीत सापडते. डिसेंबर २०२० मध्ये राज्यानं एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आणली. मुंबई आणि काही क्षेत्रं वगळता सगळ्या महाराष्ट्राला एकच पुस्तक. त्या पुस्तकाप्रमाणे चाळीस बाय साठच्या प्लॉटचा हिशेब मांडून पाहू. चोवीसशे चौरस फूट म्हणजे सुमारे २२३ चौरस मीटर. समोर नऊ मीटरचा रस्ता असेल तर मूळ एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) १.१, अधिमूल्य भरून ०.५, टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) विकत घेऊन ०.४, असा एकूण २ मिळतो. त्यावर जिना, लिफ्ट, बाल्कनी वगैरेंसाठी ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक एफएसआय, तोही पैसे भरून. गुणाकार केला की साधारण ७१३ चौरस मीटर बांधकाम येतं. आता प्रत्यक्ष प्लॉटवर या. समजा समोर तीन मीटर आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सोडले, तर इमारतीसाठी उरते सव्वाशे चौरस मीटरच्या आसपास जागा. ७१३ बसवायचे तर पार्किंगच्या वर सहा मजले चढवावे लागतील. सहा मजले म्हटले की पंधरा मीटरची रेघ ओलांडली, आणि उंची वाढली की बाजूची मोकळी जागाही वाढवायची. म्हणजे इमारत आणखी आक्रसणार. कागदावर दिलेलं बांधकाम जमिनीवर मावत नाही. ते मावतं दोन-तीन प्लॉट एकत्र करू शकणाऱ्याला.

कैवारी : हिशेब बरोबर आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. एफएसआय ही कमाल मर्यादा आहे, कुणाला दिलेलं वचन नाही. २ मिळतो म्हणून २ वापरलाच पाहिजे, हे बिल्डरचं गणित झालं. मूळ १.१ आणि अनुषंगिक धरून तुमच्या प्लॉटवर साधारण ३९२ चौरस मीटर होतात. म्हणजे पार्किंग आणि वर तीन मजले. हीच ती इमारत जिचं तुम्ही आत्ता कौतुक केलं. ती नियमात बसते, आणि नीट बसते. राहिली मोकळी जागा. आपल्या गावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि अजूनही बहुतेक घरं कूलरवर दिवस काढतात. कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसतो, बाहेरची कोरडी हवा ओल्या खसातून किंवा लाकडाच्या भुशातून आत ओढतो. ती हवा कोरडी असेल तरच तो थंडावा देतो. दोन इमारतींत हातभर फट ठेवली, तर तुमचा कूलर शेजाऱ्याच्या खिडकीतून बाहेर पडलेली दमट हवाच ओढत बसेल. रात्रभर पंप चालू आणि खोलीत चिकचिक. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला नियम ही फक्त कागदी अट वाटत नाही, त्याला झोप लागते की नाही हे त्यावर ठरतं. आणि ज्यानं ही जागा खाल्ली तो स्कीम विकून निघून गेलेला असतो.

साशंक : कूलरचा मुद्दा मी मान्य करतो. पण तुम्ही ज्या मोकळ्या जागेची बाजू घेता ती प्रत्यक्षात कशी असते? तिथं बोअर, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, गॅसच्या नळ्या, पडलेल्या फरशांचे तुकडे. वरून सिमेंट, मातीचा कण नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्तीत शिरली, तेव्हा अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट पाण्याखाली गेले. त्या पावसाला कुठलीच मोकळी जागा पुरली नसती, हे मला कळतं. पण पाणी मुरायला आपण किती जमीन शिल्लक ठेवली, हा प्रश्न तर राहतोच. नियम मीटर मोजतो. त्या मीटरवर काय आहे हे कोण पाहतं? मला भीती आहे ती हीच. नियम बारीक होत गेला, पाहणारे डोळे मात्र वाढले नाहीत.

कैवारी : त्याच पुराची दुसरी बाजूही पाहा. बंगल्यांच्या तळमजल्यावर झोपलेली माणसं कमरेएवढ्या पाण्यात उठली. ज्या इमारतींत तळाला पार्किंग होतं तिथं गाड्या बुडाल्या, पण घरं वर राहिली. पार्किंगचा मजला नियमानं आणला, आणि त्या पहाटे त्यानं ज्या कामासाठी तो लिहिला नव्हता तेही केलं. म्हणून म्हणतो, एखादी अट निरुपयोगी ठरवण्याआधी ती कुठे कुठे उपयोगी पडते ते पाहावं.

साशंक : बरं, पार्किंगवरच बोलू, कारण माझं सर्वांत मोठं दुखणं तिथंच आहे. गाड्या हव्यात म्हणून तळमजला उघडा ठेवायचा. वर भिंतींनी भरलेले तीन-चार मजले आणि खाली नुसते कॉलम. अभियंते या रचनेला घाबरतात. २६ जानेवारी २००१ ला भूजचा भूकंप झाला तेव्हा केंद्रापासून शेकडो किलोमीटर लांब अहमदाबादेत अशाच उघड्या तळमजल्याच्या इमारती बसल्या. त्यानंतर २००२ च्या भूकंपविषयक भारतीय मानकात अशा मजल्याचे कॉलम-बीम अडीच पट बळाला धरून काढायला सांगितलं. एका पुस्तकानं तळमजला उघडा करायला लावायचं, दुसऱ्यानं तोच धोक्याचा म्हणायचा! आणि बांधणारा लहान असला की तो कोणतं पुस्तक पाळतो? पार्किंग नसेल तर नकाशा पुढे सरकत नाही, म्हणून ते दाखवतो. कॉलमचं गणित कुणी उलगडून पाहत नाही, म्हणून तिथं सळई वाचवतो.

कैवारी : नागपूर भूकंपाच्या नकाशात दुसऱ्या विभागात, म्हणजे कमी धोक्याच्या, असं म्हणून पुष्कळ जण हा विषय झटकून टाकतात. तुम्ही झटकला नाही, याचं मला बरं वाटलं. १९९३ चा भूकंप झाला तेव्हा किल्लारीही नकाशात सर्वांत सुरक्षित समजल्या जाणाऱ्या पहिल्या विभागात होती. २००२ मध्ये तो पहिला विभागच नकाशातून काढून टाकावा लागला. १९९७ चा जबलपूरचा धक्काही आपल्यापासून काही फार लांब नव्हता. पण माझं म्हणणं असं की तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. सळई वाचवली जाते कारण तिथं नियम पाहिला जात नाही. मग उपाय काय, नियम सैल करणं? २४ ऑगस्ट २०२० ला महाडची तारिक गार्डन कोसळली. पाच मजले, वय दहा वर्षांहूनही कमी, सोळा माणसं गेली. ती काही टॉवर नव्हती. मध्यम गावातली मध्यम इमारत होती, आपल्या मानेवाड्यात शोभेल अशी. मोठ्या प्रकल्पात बँक असते, सल्लागार असतात, वकील असतात. लहान इमारतीत खरेदीदाराच्या बाजूनं उभं राहणारं कुणीच नसतं. तिथं नियम हाच त्याचा एकटा वकील.

साशंक : आणि तो वकील नेमका तिथंच गैरहजर असतो! रेरा कायदा २०१६ चा. ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील तर प्रकल्पाची नोंदणीच लागत नाही. माझी सगळी चोवीसशे फुटी स्कीम त्यातून बाहेर. नव्या नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर ठरलेल्या उंचीच्या आतलं बांधकाम असेल, तर वास्तुविशारदानं प्रमाणित केलेले नकाशे दिले, शुल्क भरलं, की त्याची पोच हीच परवानगी. १५० ते ३०० पर्यंत दहा दिवसांत परवाना. या सवलतींच्या मी विरोधात नाही. माणसाला खेटे घालायला लावू नयेत, हे बरोबरच आहे. पण चित्र जुळवून पाहा. किती मजले, किती गाड्या, समोरचा रस्ता किती मीटर, यावर पानंच्या पानं. आणि पाया खणला तेव्हा, स्लॅब ओतला तेव्हा, कॉलमची सळई झाकली जाण्याआधी कुणी त्रयस्थानं येऊन पाहिलं का, याबद्दल फक्त सही आणि शिक्का. नकाशा कडक आणि काम सैल, असं झालंय.

कैवारी : इथं तुम्ही काहीतरी खरं धरलंय. तरी मी एक दुरुस्ती करतो. गाड्यांची अट लहान घरावर मोठ्या घराएवढी नाही. घराचं क्षेत्र कमी तशी ती उतरत जाते. आपल्याकडे लहान फ्लॅटलाही गाडीची जागा मागणारा नियमाआधी खरेदीदार असतो. आणि पुढे तेच पार्किंग कुठे जातं तेही पाहा. भोगवटा प्रमाणपत्र मिळालं की एका कोपऱ्यात भिंत उठते. आधी चौकीदाराची खोली, मग टायपिंगचं दुकान, मग क्लास. गाड्या रस्त्यावर. तेव्हा बांधणाऱ्याच्या बरोबरीनं राहणाऱ्यांनीही नियम मोडलेला असतो. आपल्याकडे बहुतेक स्कीम १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली येतात, मुंबई-पुण्यासारख्या सहकारी संस्था कमी. घोषणापत्र नोंदलं जातं, आणि पुष्कळ ठिकाणी त्यानंतर बैठकच होत नाही. जिन्याखाली मीटरचे बोर्ड, बोर्डाला टेकून स्कूटर, बाजूला जुन्या गाद्या. मुंबईत गोरेगावला ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे जय भवानी इमारतीत आग लागली ती तळाच्या पार्किंगमध्येच. तिथली भंगार, कापडं, वाहनं पेटली आणि धूर जिन्यानं वर चढला. पाच मजली इमारत, किमान सात माणसं गेली. हे दृश्य नागपुरात किती इमारतींत तयार होऊन बसलंय, कुठल्याही गल्लीत शिरून पाहा.

साशंक : तिथं धूर जिन्यानं चढला, आणि आपल्याकडे पंधरा मीटरच्या आतल्या निवासी इमारतीला एक जिना चालतो. अमेरिकेत याच्या उलट बाजूनं भांडण चाललंय. तिथल्या बहुतेक राज्यांत तीन मजल्यांवर गेलं की दोन जिने सक्तीचे. त्यामुळे लहान इमारत परवडत नाही, म्हणून सिएटल आणि न्यूयॉर्कसारखी एका जिन्यावर सहा मजले देण्याची सूट इतरत्र मागितली जाते. पण ती सूट अटींवर मिळते. मजल्यावर मोजकी घरं, धूर अडवणारी दारं, पाण्याचे फवारे. म्हणजे जिना एक ठेवला, पण त्या एका जिन्याची किंमत वसूल केली. आपण जिना एक ठेवला आणि प्रत्यक्षात त्याच्याकडून फारसं काही मागितलं नाही. जिन्याखाली मीटर नको, जिना पार्किंगपासून भिंतीनं आणि दारानं वेगळा, प्रत्येक मजल्यावर धूर बाहेर काढणारी खिडकी. एवढं केलं तर एका फ्लॅटच्या टाइल्सइतकाही खर्च येणार नाही. मी बिल्डर असतो तर समोरचा एक मीटर कमी सोडायची मुभा मागितली असती आणि त्या बदल्यात हा जिना बांधून दिला असता. पण असा सौदा नियमावलीत नाही. तिथं सौदा आहे तो पैशांचा.

कैवारी : पैशांचा म्हणजे?

साशंक : रस्ता अरुंद आहे म्हणून जास्त बांधकाम नको, हा तर्क मला समजतो. गटार, पाणी, अग्निशमनाची गाडी, सगळ्यांवर भार येतो. मग त्याच रस्त्यावर अधिमूल्य भरलं की अर्धा एफएसआय जास्त कसा मिळतो? पैसे भरल्यानं गटार रुंद झालं का? आणि ज्याचा रस्ता नऊ मीटरपेक्षा कमी आहे त्याला तर पैसे देऊनही काही नाही. तो १.१ वरच अडकलेला. नागपुरात ही माणसं कोण आहेत? २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं नियमित झालेल्या लेआउटमधली. नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) भाषेत ५७२ आणि १९०० ले-आउटवाले. शेतकऱ्याकडून कागदावर प्लॉट घेतले, वीस-पंचवीस फुटांचे रस्ते सोडले, वर्षानुवर्षं आरएलसाठी (नियमितीकरणाच्या पत्रासाठी) चकरा मारल्या. कष्ट करून मिळवलेला प्लॉट, पण त्यावर मुलाचा आणि मुलीचा असे आणखी दोन मजले काढायचे म्हटलं तर रस्ता आडवा येतो. ते मग काय करतात? नकाशात दोन मजले दाखवतात, बांधतात चार. पुढचा सगळा जन्म नोटिशीच्या सावलीत. तिथं ना मोकळी जागा राहते, ना कॉलमचं गणित. एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या नोटिशीनं कुणाचा स्लॅब मजबूत झालेला मी पाहिला नाही.

कैवारी : अधिमूल्याबद्दल माझ्याकडेही चांगलं उत्तर नाही, आणि मी ओढूनताणून देणार नाही. नियम विकायला ठेवला की तो जिवासाठी आहे हे लोकांना पटवणं अवघड जातं. ते पैसे त्याच वस्तीच्या गटारावर आणि पाण्यावर खर्च झाले पाहिजेत, असं मी कुठेही जाहीरपणे म्हणेन. पण अरुंद रस्त्याचा प्रश्न पैशांनी सुटत नाही, तसा तो उदारपणानंही सुटत नाही. वीस फुटी रस्त्यावर दोन्ही बाजूंना चार-चार मजले आले आणि पार्किंगचा क्लास झाला, तर अग्निशमनाची गाडी आत येणार कशी? पुण्यात २०२० मध्ये सहा मीटरचे रस्ते नऊ मीटर करून वाढीव बांधकाम द्यायचा प्रस्ताव आला, तेव्हा त्यावर मोठा वाद उठला. पण निदान त्यात एक देवाणघेवाण होती. तुम्ही समोरची पट्टी द्या, शहर तुम्हाला उंची देईल. नागपूरच्या ले-आउटमध्ये एका बाजूचे सगळे प्लॉटधारक एकत्र आले तर हे होऊ शकतं. एकेकट्यानं मागितलं तर मात्र रस्ता दातपडक्या कवळीसारखा राहील.

साशंक : म्हणजे तुम्हीही मान्य करता की नियमांना एकाच गठ्ठ्यात बांधून चालणार नाही. काही नियम जिवाचे आहेत : कॉलम, सळई, जिना, वायरिंग, धूर. तिथं मी एक सेंटिमीटरही सोडायला तयार नाही, उलट आजच्यापेक्षा जास्त कडक तपासणी मागतो. काही नियम वाटपाचे आहेत : किती एफएसआय, किती गाड्या, समोर किती सोडायचं. तिथं चोवीसशे फुटांच्या माणसाला आणि दोन एकरांच्या माणसाला वेगळी मापं हवीत. मेट्रोच्या दोन्ही बाजूंना पाचशे मीटरच्या पट्ट्यात एफएसआय वाढवून दिला, पण त्याचा वरचा टप्पा गाठायला रुंद रस्ता आणि मोठा प्लॉट लागतो. मेट्रोला प्रवासी तर लहान प्लॉटवालेही देतात.

कैवारी : तुमची विभागणी आकर्षक आहे, पण ती शेवटपर्यंत टिकत नाही. मोकळी जागा कुठल्या गटात टाकाल? बिल्डर म्हणेल वाटपाची. कूलरवाला म्हणेल जिवाची. आग लागली तर शिडी तिथंच लावणार, पाणी तुंबलं तर तिथूनच निघणार, आणि शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात उजेड येतो तोही तिथूनच. तुम्ही बदल्यात एक मीटर मागितलात, पण तो मीटर तुमच्या एकट्याचा नव्हताच, त्यात शेजाऱ्याचा अर्धा वाटा होता. शेजारी त्या सौद्यात कुठे आहे? आणि तपासणी कडक करा म्हणता, ती करणार कोण? एकाच शहरात मनपा, नासुप्र, बाहेर महानगर प्राधिकरण. सगळीकडे अभियंते मोजके. खासगी अभियंत्यानं प्रमाणित करायचं तर त्याची फी बिल्डरच देतो. सळई झाकण्याआधी जो माणूस पाहायला येईल, त्याची नेमणूक कुणी करायची आणि त्याला पैसे कुणी द्यायचे, हे ठरल्याशिवाय तुमची जिवाच्या नियमांची यादी आजच्या नियमावलीइतकीच कागदावर राहील.

साशंक : शेजाऱ्याचा वाटा, हा मुद्दा माझ्या हिशेबात नव्हता. तरी मी माझी मागणी मागे घेत नाही. त्यात एवढीच भर घालतो : मोकळ्या जागेचा सौदा करायचा तर तो शेजाऱ्याच्या सहीनं व्हावा, आणि बदल्यात काय मिळालं ते इमारतीवर लिहिलेलं असावं. फी खरेदीदारांनी बुकिंगच्या रकमेतून द्यावी, नेमणूक मनपानं चिठ्ठी काढून करावी. आठ फ्लॅटच्या स्कीममध्ये आठ घरांनी मिळून एका त्रयस्थ अभियंत्याची फी देणं अशक्य नाही. टाइल्स आणि मॉड्युलर किचनवर आपण त्याहून जास्त घालतो.

कैवारी : चिठ्ठीतही नावं मोजकीच निघतील, आणि बुकिंग बहुतेक वेळा स्लॅब पडल्यावर होतं, तोवर सळई झाकलेली असते. हे मी तुम्हाला अडवायला म्हणत नाही. खरी गाठ इथं आहे, म्हणून म्हणतो. खरेदीदार येतो तेव्हा उशीर झालेला असतो, आणि जो आधीपासून तिथं असतो तो जमीनमालक, तुमचा तो सत्तरीचा गृहस्थ. करारात तो दोन फ्लॅट, लिफ्टची कंपनी आणि भाड्याची रक्कम लिहून घेतो. कॉलमची तपासणी लिहून घेत नाही. घेतली तर आठही घरांचं काम होईल.

साशंक : मग त्या गृहस्थांनाच सांगू या. प्लॉट देताना प्रत्येक स्लॅबच्या आधी तुमच्या पसंतीच्या अभियंत्याची तपासणी करारात घाला. आणि घर घेणाऱ्यांनो, आठ फ्लॅटच्या स्कीमला रेरा क्रमांक बहुधा नसणारच, त्याच्या भरवशावर राहू नका. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा, नकाशा हातात घेऊन पार्किंगमध्ये उभे राहा, प्रत्येक भिंत त्यावर आहे का पाहा. जिन्याखाली मीटर असतील तर ते हलवल्याशिवाय विसार देऊ नका.